‘पाच पायली तांदूळ’ पुरा व्हावा म्हणून

मी ताराबाई बारकू हरड, वय ७३, राहणार सरळगाव, तालुका मुरबाड, धंदा धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपणाबद्दल पुतण्या अनिल याला विचारावे, त्याने तीन महिने घालून पाहिले. वकिलांच्या मसुद्यातले निम्मेच ठेवले आहे, कारण उरलेल्यात मी कुठेच नव्हते.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. उठले तर पुढची कामे मीच करीन. न उठल्यास खालीलप्रमाणे व्हावे.

१. पती वारले, मूलबाळ नाही. राहते घर अनिलला द्यावे.

२. किन्हवली रस्त्याची तीन गुंठे जागा माझी स्वकष्टार्जित आहे. ती विकून येणारी सर्व रक्कम अनिलची मुलगी कुणाली हिच्या ‘पाच पायली तांदूळ’ (एका लग्नाची माझी जुनी बिदागी) या पहिल्या चित्रपटाला द्यावी. शूटिंग झाले, माझे धवलेही मी गेल्या आठवड्यात स्टुडिओत गाऊन दिले. आता आवाजाचे उरलेले काम पैशावाचून अडले आहे. अनिल म्हणाला, “काकू, जमीन विकून आवाज घेतंस? आवाज काय सातबाऱ्यावर चढतो?” मी म्हटले, “अरे, ती जमीन मी आवाजावरच घेतलीय.”

३. आधीचे पैसे कसे उभे राहिले, हे घरात माहीत असावे. कुणाली मुंबईत दहा दारे फिरली. सगळीकडे एकच उत्तर, गाणारी म्हातारी कोण बघणार? म्हातारी म्हणजे मी. मला राग आला. मी ठरवले, चित्रपटाचेच लग्न लावायचे. सहाशे अकरा लग्ने लावली, प्रत्येक ठिकाणी ऐपतीप्रमाणे आहेर केला, पण माझ्या दारात कधी मांडव पडला नाही. आता लोकांची पाळी होती.

पत्रिका छापल्या, मांडव घातला, कॅमेऱ्याला हळद लावली. कुणाली ओरडली, “आजी, काचेला नको गो!” पाटल्या मोडून चारशे पाने उठवली. लोक पोटभर जेवले, तोंडभर आशीर्वाद देऊन गेले. आहेराच्या ताटात एक नारळ उरला. मग मी पत्रिका नीट वाचली. तळाला छापले होते, ‘कृपया आहेर आणू नये.’ छापखानेवाले ज्ञानेश्वर धानके कपाळाला हात लावून म्हणाले, “मावशी, ती ओळ आमी सगळ्याच पत्रिकांवर टाकतो. मी नाय वाचली, तुमी पन नाय वाचली.” एरवी ती ओळ कोणी मनावर घेत नाही. आमच्याच वेळी सगळे एकदम सज्जन झाले.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि माझी जोडीदारीण सकुबाई दारोदार गेलो. प्रत्येक दारात त्या घरच्या लग्नाचा धवला म्हटला, नवरानवरीची नावे घालून. सगळी नावे मला पाठ आहेत. डोळखांबला एक आजोबा ओटीवर बसूनच रडले. म्हणाले, “ती गेल्यापासून तिचं नाव असं कोनी घेतलंच नाय.” त्यांनी भाताचे आलेले सगळे पैसे पुढे केले, निम्मे मी परत केले. शहापूर-मुरबाड मिळून सात लाख चाळीस हजार जमले, आणि मी कुठेही हात पसरला नाही. याचा मला माझ्या सगळ्या लग्नांपेक्षा जास्त अभिमान आहे.

४. शूटिंगचे बावीस दिवस अनिलने माझ्या तोंडावर उजेड पाडायला भर उन्हात पांढरा थर्माकोल धरला. आता नाही म्हणतो, पण फोटो माझ्याकडे आहे. तो फ्रेम करून त्याच्याच ओटीवर लावावा.

५. जयराम देसले याने दारात आमचे गाणे पुरे ऐकून घेतले आणि “पिक्चर काढून पोट भरतं काय?” म्हणत दार लावले. त्याच्या लग्नात मला मिळालेली साडी हातभर आखूड होती. ती पेटीत आहे. इस्त्री करून त्याला परत द्यावी.

६. कुणालीचे लग्न कधी, हे तिला कोणी विचारू नये. या विषयात घरात माझ्याइतका अनुभव कोणाला नाही. माझी पुतळ्यांची माळ तिची. तीही मोडायची झाल्यास कोणाला विचारायची गरज नाही.

७. माझ्या तेराव्याला गोडाचे जेवण नको, दुखवट्याच्या साड्या नकोत. चित्रपट पुरा झाला की शाळेच्या मैदानात पडदा लावून सर्वांना दाखवावा. आमंत्रणे धानके यांनी फुकट छापावीत. तळाला ठळक अक्षरांत घालावे, ‘आहेर अवश्य आणावा.’ तो कुणालीच्या दुसऱ्या चित्रपटासाठी आहे.

या सर्वाची अंमलबजावणी ग्रामपंचायत सदस्य सरिता घुडे यांनी करावी. त्या कोणाला घाबरत नाहीत, मलाही नाही.

ठिकाण: सरळगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
सही: ताराबाई बारकू हरड

साक्षीदार:
१. सकुबाई विशे, अंगठा. मला वाचून दाखवले.
२. ज्ञानेश्वर धानके, सही. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.