युनियाचं नाव घेतलं म्हणून

बंगळुरू

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला सप्रेम सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. मम्मीचा गुडघा कसा आहे?

इथल्या आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच भांबळ काका यांनी तुम्हाला फोन केल्याचं कळलं. आता माझ्याकडूनही ऐका. येलहंक्याच्या या चर्चचे पाळकसाहेब आजारी होते, म्हणून पाळकसाहेबांनीच मला रविवारी उपदेश करायला सांगितलं. मी उभी राहताच काका म्हणाले, "स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, असं बायबलात प्रेषित पौलानं लिहिलंय. खाली बस."

मी म्हटलं, "काका, त्याच पौलानं युनिया या बाईला प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हटलंय. चौथ्या शतकातल्या एका मोठ्या धर्मगुरूंनी तर तिच्या ज्ञानाचं भर उपदेशात कौतुक केलं. पुढे लोकांनी तिचं नावच पुरुषी करून टाकलं. मग मी कुणाचं ऐकू?"

काका तरातरा निघून गेले, मागोमाग आणखी काही जण. पण काकांच्या पत्नी, लीलाकाकू, जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बोल गं, पोरी." मी बोलले.

तुम्ही मला काकांची माफी मागायला सांगताय. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, पण ही माफी मागणार नाही. पवित्र शास्त्र शिकायला इथे बंगळुरूला तुम्हीच पाठवलंत ना? पाळकसाहेब अजून आजारीच आहेत, येत्या रविवारीही मीच बोलणार आहे.

नाताळला घरी येईन. तुम्ही पाळक आहात, तुमच्या चर्चमध्ये हवं तर मला बोलू देऊ नका, पण माझं काय चुकलं ते शास्त्र उघडून दाखवा.

प्रभूमध्ये तुमचीच लेक,
सुकृपा