देवदूत निघून गेल्यावर

ता. ३ डिसेंबर

चि. सौ. बिट्टीस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी नाचले, मग गुडघा धरून बसले. नववा महिना लागेतो आजीला पत्ता नाही! पणजी होणार म्हणून गल्लीभर सांगून झालं, दूधवाल्याला तर दोनदा. तुझी आई डोळे वटारून म्हणाली, आधी नीट पार पडू दे. पडेल गं! डॉक्टरीणबाई म्हणते बाळ आडवं आहे, तर असू दे. तुझा बाप तरी कधी सरळ वागलाय?

देवदूत मरीयेला म्हणाला, भिऊ नको. शुभवर्तमानातलं तेवढं एकच मला बोट न लावता वाचता येतं. तेच तुला लिहिते. लोभ आहेच, तो ऊन ऊन राहू दे.

तुझी आजी

ता. ८ डिसेंबर

ती. आजीस, शि. सा. न.

गल्लीभर सांगायची घाई केलीस गं. गेल्या खेपेलाही सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मी रिकाम्या हातांनी घरी आले.

लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी पोट आडवं येतं, म्हणून आता घरीच असते. हे कामावर गेले की खोलीत नळाचा थेंब तेवढा वाजतो. बाळ हललं नाही की भीती, हललं की आणखी कुठे फिरलं म्हणून भीती. पुढच्या रविवारपर्यंत वळलं नाही तर पोट कापून काढावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तुझं ते वाक्य मीही काढून वाचलं. आजी, जरा खाली लिहिलंय, मग देवदूत तिच्यापासून निघून गेला. भिऊ नको म्हणाला नि गेला! पोरगी एकटीच राहिली की गं. रागावू नकोस. तुझा लोभ कमी झाला तर मला पुरायचा नाही.

तुझी बिट्टी

ता. ११ डिसेंबर

चि. बिट्टीस, अ. उ. आ.

रागावते कशाला? चष्मा पुसून, बोट लावून वाचलं. गेला खरा मेला! (देवा, माफ कर, तोंडातून निघून गेलं.) इतकी वर्षं मी त्याच वाक्याशी थांबत होते, पुढे कधी सरकलेच नाही. आता सरकले. मरीया उठून घाईघाईने गेली ती कोणाकडे? नात्यातल्या म्हाताऱ्या अलीशिबेकडे. तिथे तीन महिने राहिली. देवदूत घटकाभर टेकला, म्हातारी तीन महिने पुरली! पाळकांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले रविवारचा उपदेश तुम्हीच करा आजी. मी म्हटलं, मला कुठला वेळ.

तुला काही आता घाईने उठता यायचं नाही, तेव्हा म्हातारीनेच उठावं. तुझ्या आईला सांगितलंय की मी कशाला घाबरत नाही. तुला खरं सांगते. एकटीने बस बदलायची मला भीती वाटते, तुमच्या जिन्याची वाटते, आणि त्या रविवारची तर इतकी की अक्षर बघ कसं आलंय.

शनिवारी दुपारी पोचते. दोघी मिळून भिऊ. लोभ पत्रात घालत नाही, अंगावर घेऊनच येते.

तुझी आजी