चित्रातल्या बाईच्या मापाचं

प्रिय सम्राट,

दोन दिवस फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. फोनवर तू मला हसवतोस आणि मी हो म्हणून बसते, म्हणून या वेळी कागद घेतला. आप्पा बरे आहेत. मेहमूद वस्तादांचा गुडघा धरलाय, तरी काठी टेकत तालमीत येतात आणि बसल्या जागेवरून पोरींना शिव्या घालतात. चित्र काढणारा जावई कधी आणतेस म्हणून रोज विचारतात.

पार्सलात दोन वस्तू होत्या. तुझ्या आईंनी दिलेली पुडी नीट अंघोळ करून उघडायची म्हणून बाजूला ठेवली आणि तालमीतच पोस्टर उघडलं. मागे तू लिहिलंयस, ‘ही तू आहेस.’ तुझा गेम निघाला, त्यात तुझं नाव आलं, याचा मला फार आनंद झाला, तो आधी घे. मग मी पोस्टरवरच्या बाईत मला शोधायला लागले. बाजूचा गडी नखशिखांत लोखंडात, आणि ही बया बर्फात पोट उघडं टाकून उभी. छातीवर पत्रा आहे, पण तोही दोन वाट्यांचा. वार बसला तर घसरून नेमका मधल्या हाडावर यायचा. कंबर मुठीत मावेल एवढी. मान नाही, मांड्या नाहीत. माझा मोडका डावा कान होता तिथे तू केस सोडलेस. पोरी खूप हसल्या, मीही हसले. वस्ताद तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "हिला आखाड्यात नको उतरवू गं. मरंल ती."

घोडकाठच्या त्या जत्रेत आपण भेटलो ते आठवतं ना? मी कुस्तीच्या कपड्यांत उतरले तशी मागची पोरं माझ्या मांड्यांवरून काहीबाही ओरडायला लागली. तू मात्र हलगीवाल्याशेजारी मांडी घालून चित्र काढत होतास. कुस्ती सुटल्यावर दाखवलंस. जाड मान, मोडका कान, दारात मावणार नाहीत असे खांदे. जन्मात पहिल्यांदा मला मी आवडले. मग तू गेममधल्या चित्रांवर तोंडसुख घेतलंस, लढाईला निघालेल्या बाईला नाचायला निघाल्यासारखं नटवतात म्हणालास. एक दिवस खरी लढणारी बाई लोकांच्या फोनमध्ये घालीन आणि आधी आईला दाखवीन, असं बोललास. त्यासाठी आईंच्याच टेपनं तू माझे खांदे, दंड, छाती सगळं मोजलंस. मी लाजेनं मरत होते आणि तू पाढे घोकावेत तसे आकडे घोकत होतास.

मला न पाहताच आई म्हणाल्या होत्या, "सून पायजे, पैलवान न्हाई." मला राग नाही आला. जन्मभर ब्लाऊज शिवणारी बाई, त्यांची नजर आधी अंगावरच जाणार. ते चित्र येईपर्यंत थांबायचं, मग आईच हो म्हणतील, असं आपलं ठरलं. मी थांबले. आलेली स्थळं परतवून लावली, आप्पांशी भांडले. आणि गेल्या आठवड्यात तुझा फोन आला, की पोस्टर पाहून आई म्हणाल्या, "ही असंल तर आण." त्या दिवशी मी मोरीत बसून आनंदानं रडले. मला वाटलं, त्यांनी मला पाहिलं आणि हो म्हणाल्या.

चित्र साहेबांनी बदलायला लावलं, असं तू नंतर सांगितलंस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नोकरी म्हटली की वरच्याचं ऐकावं लागतं. वजनी गटात बसायला मीही दोन-दोन दिवस उपाशी राहिले आहे. पोस्टर पाहून वाईट वाटलं, पण मी ते गिळलं होतं. रविवारी साखरपुड्याला दौंडला आल्यावर आई मला समोर पाहतील आणि तू सांगशील, आई, ते चित्र खोटं, ही खरी. एवढ्यावर मी निवांत होते.

मग ती पुडी उघडली. लग्नातल्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज, आईंनी स्वतःच्या हातानं शिवलेला. घालायला गेले तर दंडावरच अडकला. आईंना फोन केला, म्हटलं कुणाच्या मापानं शिवलात? त्या कौतुकानं म्हणाल्या, "सम्राटनं दिलं की माप." माझं माप तुला पाठ होतं, सम्राट, तरी तू त्यांना चित्रातल्या बाईचं दिलंस. तिथे साहेब नव्हते आणि नोकरीचाही प्रश्न नव्हता. घरात फक्त तू होतास आणि तुझी आई होती. वाळेल ही लग्नापर्यंत, असं तुला वाटलं असेल. खांद्याची हाडं मी कशी वाळवू? ब्लाऊज सोबत परत पाठवतेय. शिलाई फार सुरेख आहे, आईंचा एकही टाका उसवू नये म्हणून अगदी हळू काढला, त्यांना तसं सांग. रविवारी येऊ नका. आप्पांना मी सांगेन. जत्रेतलं चित्र मात्र परत मागू नकोस, ते माझ्यापाशी राहू दे. त्यात तुला मी दिसले होते.

अजूनही तुझीच,
राजश्री