लाल थरातला अंगठा

२ फेब्रुवारी, सोमवार

गेले कामावर. तेरावा झाला, किती दिवस घरात बसणार! आत्याबाई भिंतीकडे तोंड करून असतात. पोरगा गेल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही. पांढऱ्या पायाची सून — मनात तेच असणार. असू दे.

नागापूरला कंपनीच्या गेटात शिरले आणि पावडरचा वास आला. ह्यांच्या शर्टाला यायचा तोच.

ह्यांच्या जागेवर, रंगाची पावडर मारायच्या गनवर, आता अलीम आहे. ह्यांचा मास्क अजून खुंटीला, शेजारी त्याने स्वतःचा टांगलाय. राग आला. त्याचा काय दोष, पण आला.

४ फेब्रुवारी, बुधवार

हे गेल्यापासून अर्धवट अडकलेला लॉट आज तपासायला माझ्या टेबलावर आला. गाडीच्या इंजिनाची ॲल्युमिनियमची झाकणं. खाली प्रायमर, त्यावर लाल, सगळ्यात वर काचेसारखं पारदर्शक क्लिअर — एकेक थर मारायचा, भट्टीत भाजायचा. ह्या लॉटचं क्लिअर राहिलंय. लाल ह्यांनीच मारलेला, त्या संध्याकाळी. मग घरी निघाले, आणि मनमाड रोडला तो ट्रक...

एका झाकणाच्या कडेला अंगठा उठलाय. भाजायच्या आधी कच्च्या पावडरीला बोट लागलं की ती खूण जन्माची. मधून तिरपी रेघ. विळ्याने ह्यांचं बोट कापलेलं, त्याचीच — मीच हळद भरली होती!

अख्ख्या शॉपला ओरडायचे, कच्च्याला हात लावू नका म्हणून. आणि स्वतःच? एवढी कसली घाई होती हो तुम्हाला?

रिजेक्ट केलं. करावंच लागतं. रिजेक्ट माल केमिकलच्या टाकीत जातो, सगळे थर सुटून नुसतं ॲल्युमिनियम उरतं. क्रेटमध्ये ते सगळ्यात खाली घातलं, वर बाकीची रिजेक्ट झाकणं रचली.

५ फेब्रुवारी

सहादेवभाऊ सुपरवायझर. त्यांना मागावं का ते झाकण? दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत जाऊन परत आले. उद्या नक्की.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रेट रिकामा. टाकीपाशी अलीम.

तोंडाला येईल ते बोलले त्याला. जागा घेतलीस ती घेतलीस, अंगठ्याएवढी खूणही ठेवली नाहीस! तो काहीतरी सांगायला बघत होता. मी सांगू दिलं तर ना.

७ फेब्रुवारी

रडले. एवढंच.

९ फेब्रुवारी, सोमवार

सुटताना अलीम गेटवर उभा. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं — ते झाकण! अंगठा जसाच्या तसा, वर क्लिअरचा थर.

"ताई, मीबी त्यांच्याच हाताखाली शिकलो. अंगठा बघितल्याबरोबर वळखला. टाकीत सोडायला हातच हुईना."

सहादेवभाऊंनी भंगार म्हणून गेटपास लिहून दिला. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी, पासवरच बघत राहिले. अलीमची माफी मागायची राहिली. उद्या डब्यात त्याच्यासाठीही भाकरी नेईन.

रात्री

झाकण आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांजवळ धरून बघितलं त्यांनी. रेघ ओळखली. स्वतःचा अंगठा त्यावर टेकवला. मग इतक्या दिवसांनी बोलल्या —

"त्या दिशी मीच फोन केल्ता त्याला. करमत न्हाई, लवकर ये म्हनले."

मी त्यांच्याजवळ सरकले. एका ताटात जेवलो दोघी.