कुवेतचं कुलूप

७ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! कॅसिमिर, आमचा टीम लीड, वसईचा, सगळ्यांसमोर म्हणाला, "कुवेतच्या कुलपावर सही मैथिलीची." मी मान खाली घालून हसले. खाली कशाला घालायची? आठ महिने घासलेत!

आमची कंपनी बेटिंग अ‍ॅप्सना कुलपं करून देते. कुवेतमध्ये सट्टा म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे गुन्हा. तिथल्या फोनवर ही अ‍ॅप्स उघडताच कामा नयेत. VPN लावून कुणी सिडनीत असल्याचं सोंग केलं, तरी माझं कुलूप ओळखतं. इथे ऑस्ट्रेलियात मॅचच्या मध्येमध्ये सट्ट्याच्या जाहिराती, तिथे तुरुंग. बटण तेच.

९ ऑक्टोबर

उर्वीला सांगितलं. लेक म्हणते, "सो यू आर अ बाउन्सर, मम?" हो! सिडनीतल्या आमच्या केलीव्हिलची बाउन्सर.

१२ ऑक्टोबर, रविवार

शिरीषचा कुवेतहून फोन. रिफायनरीचं काम लांबलंय, नवरोबा दिवाळीला येत नाहीत. मी जाम चिडले. तो नेहमीसारखा — "ए ठेचा, शांत हो." लग्नापासून हेच नाव. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, नशीब माझं!

मग कुलपाचं सांगितलं. माझ्या कामाबद्दल इतकं खोदून त्याने कधी विचारलं नव्हतं. कधीपासून लागणार? सगळ्या अ‍ॅप्सना? चारच, पण नावं सांगता येत नाहीत, म्हटलं. "भारी आहेस तू," म्हणाला. ऊर भरून आला.

तीन वर्षांपूर्वी उर्वीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने स्वतः सट्टा सोडला. शब्दाचा पक्का. मला त्याचाही अभिमान आहे, तोंडावर सांगत नाही इतकंच.

१९ ऑक्टोबर, रविवार

कुलूप लागलं! पर्थला भारताची मॅच, म्हणजे खरी परीक्षा. चकल्या तळता तळता लॅपटॉपवर डोळा. दोन घाणे करपले, पण कुवेतमधून एकही जण आत शिरला नाही.

कॅसिमिरला फोनवर म्हटलं, परदेशी माणूस तिथे सापडला तर तुरुंग, वर हकालपट्टी. एखाद्याची नोकरी तरी वाचली असेल आज. तो म्हणाला, "मग त्याच्या बायकोने तुला पेढे द्यायला हवेत."

२० ऑक्टोबर

रिपोर्टसाठी अडवलेल्या खात्यांची यादी वाचत होते. सत्तेचाळिसावं नाव — ठेचा_केलीव्हिल. अकरा वेळा प्रयत्न, VPN लावून.

अकराही वेळा माझ्या कुलपाने अडवलं.

पेढे मीच मला द्यायचे.