बाळाच्या काळजातला आवाज

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥

दाना ओली, लश्कर

चि. अंबरीशराव यांस सासूचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आम्ही "सगळं छान" म्हणतो, ते पुरतं खरं नाही. बाळाच्या काळजातून वेगळा आवाज येतो. तपासणीत बारीक छिद्र निघालं. तुम्ही तिकडे सीमेवर, म्हणून अवंतिका कळवू देत नाही. हे पत्र छिद्र बुजेपर्यंत देवघरातच राहील.

कंपू भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टर शिखा दिसायला अगदी कॉलेजातल्या. मी विचारलंच, "घर कुठलं? शिकलात कुठे?"

अवंतिका चिडली, "आई, रिश्ता थोडीच करायचाय!"

डॉक्टर हसल्या. "विचारू द्या. काकू, मी इथल्याच किला गेट भागातली. डॉक्टर झाल्यावर तीन वर्षं फक्त नवजात बाळंच बघायला शिकले. अशी छिद्रं पुष्कळ बाळांना असतात, बरीचशी आपोआप बुजतात. यात आईची काही चूक नसते."

तेव्हा अवंतिका रडली. इतके दिवस ती स्वतःलाच बोल लावत होती, आणि मला पत्ता नव्हता.

दूध पिताना घाम येतो का, धाप लागते का, ते बघायला सांगितलंय. आज तुमची लेक न थांबता प्यायली. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. कोरडं होतं. अवंतिकाला म्हटलं, आता तू झोप.

दोघींजवळ बसलेली,
तुमची सासू विजया