तीन झेंडे आणि एक दार

८ नोव्हेंबर

आज पुन्हा बोलणी खाल्ली! हातपंपावर सगळ्या बायांसमोर नूरबानूचाची म्हणाली, "ही बघा आली तुफानवाली. हिच्या तीन झेंड्यांनी माझी बदकं खाल्ली." बाया हसल्या. मीही हसले, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोटं काय त्यात? मे महिन्यात बंधाऱ्यावर वादळाच्या इशाऱ्याचे तीन झेंडे चढले, म्हणजे घर सोडून निघायचंच. गळा फाडफाडून मीच सगळ्या बेटाला निवाऱ्यात नेलं, आणि वादळ भलतीकडेच वळलं. आम्ही तिकडे खिचडी खात बसलो, इकडे चोरांनी चाचीची बदकं नेली. एकट्या विधवेचं पोट त्यावर होतं.

१२ नोव्हेंबर

रेडिओवर इशारा. एक झेंडा. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधा, मुरमुरे-गूळ जवळ ठेवा, गुरांची दावी सोडा — दारोदार सांगून आले. चाचीकडे उद्या जाईन.

१३ नोव्हेंबर

दोन झेंडे. चाचीकडे गेले नाही.

१४ नोव्हेंबर

तीन झेंडे. भोंगा घेऊन सकाळपासून फिरतेय. चाचीच्या कुंपणापाशी आले आणि पाय अडले. पुन्हा ती बदकं ऐकायची? आणि पुन्हा वळलं तर?

इशारा देत फिरणाऱ्या आमच्या तुकडीचे म्होरके मोतालेबभाई. त्यांना म्हटलं, चाचीला तुम्हीच बंधाऱ्यावरून हाक मारा. ते म्हणाले, "पुरुषाच्या हाकेला ती उंबरा ओलांडेल होय? म्हणून तर तुम्हा बायांना घेतलंय, शेफाली." मी म्हटलं, माझी पलीकडची घरं राहिलीत.

एकही राहिलं नव्हतं. ते बिचारे हाका मारत बसले. मी तशीच निवाऱ्यात आले. आता बायामुलांच्या गर्दीत बसून लिहितेय. वारा वाढलाय. दर वेळी दार उघडलं की मान वर करते. चाची अजून आली नाही.

१५ नोव्हेंबर

वळलं नाही. बंधारा फुटला.

१६ नोव्हेंबर

चाची सापडली. माझ्याच घरामागच्या तळ्याच्या काठावर. पाण्यानं एवढ्या लांब वाहून आणलं, म्हणतात.

अंघोळ घालायला बाया कमी पडल्या, मला बोलावलं. गेले. तिच्या हातांवर पाणी घातलं, पण तोंडाकडे बघवेना. नंतर मोतालेबभाई म्हणाले, "हट्टी होती गं. तू गेली असतीस तरी आली नसती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

लिहायला लाज वाटते — ते ऐकून बरं वाटलं! घरी येऊन पोटभर भात खाल्ला.

२१ नोव्हेंबर

चाचीच्या शेजारची रेहेना तालुक्याच्या दवाखान्यातून बाळाला घेऊन आली. वादळाच्या दिवशी निवाऱ्याकडे निघताना तिनं चाचीला हाक मारली होती. चाची बोचकं बांधून दारातच बसलेली. म्हणाली, "तू हो पुढे. शेफाली माझं दार वगळायची नाही. तिचा नवरा चट्टग्राम शहरात कामाला, ती घरात एकटी; आली नाही म्हणजे तापानं पडली असणार. तिला घेऊनच येते."

तळ्यापर्यंत पाण्यानं आणलं नव्हतं तिला. चालत आली होती, मला न्यायला.